दिवसाची झोप

स्वरूपाने आयुष्यात रचलेल्या पहिल्या खोलीला खिडकी नव्हती.

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाचं ते पहिलंच काम. विषय होता ‘एका माणसाची खोली’. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद, तीन मीटर उंच. आत राहणारा माणूस ज्याचा त्याने निवडायचा. वर्गात कुणी चित्रकार निवडला, कुणी बासरीवाला, एकीने तर आपली मांजर निवडली आणि तिला चढायला भिंतभर पायऱ्या दिल्या. स्वरूपाने वडील निवडले.

हिंदुराव निलंग्याहून इकडे आले त्याला सव्वीस वर्षं झाली होती. गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ते प्रेस मशीनवर होते. एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी, एक आठवडा तिसरी. तिसरीचा आठवडा आला की चिखलीतल्या त्या दोन खोल्यांच्या घराला जीभच नसे. कुकर शिट्टी द्यायच्या बेतात आला की स्वरूपाची आई कुसुमताई तो गॅसवरून उचलत, दम धरत, पुन्हा चढवत. दाराची बेल काढून ठेवलेली होती. पाहुणे आले तर त्यांच्याशी जिन्यात उभं राहून बोलायचं. स्वरूपाच्या पायात पैंजण कधी आलेच नाहीत. एवढं करून घराचा कायदा एकच होता: झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. हिंदुराव हसून म्हणायचे, आग लागली तर उठवा, पण आधी खात्री करून घ्या.

तरीही त्यांची झोप मोडायचीच. कामाला सुरुवात करण्यापूर्वी स्वरूपाने तिसऱ्या शिफ्टच्या बारा दिवसांची नोंद ठेवली. बारावीला भौतिकशास्त्रात तिला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव होते, मोजल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. बारा दिवसांत वडिलांना तेवीस वेळा जाग आली. सोळा वेळा उजेडाने, सहा वेळा आवाजाने आणि एकदा माशीने. सरासरी झोप चार तास दहा मिनिटं.

म्हणून तिने खोलीला खिडकी दिली नाही. त्याऐवजी भिंतीच्या आत एक पोकळी दिली. ती पायाशी उघडत होती, दोनदा काटकोनात वळत होती आणि छताच्या वर जाऊन संपत होती. खालून गार हवा आत येणार, तापलेली हवा वरून निघून जाणार. आतली बाजू काळी रंगवलेली. शीटच्या कोपऱ्यात तिने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘हवा वळते, उजेड वळत नाही.’

तपासणीच्या दिवशी प्राजक्ता मॅडमनी ते पुठ्ठ्याचं मॉडेल उचलून चारही बाजूंनी फिरवलं. मग सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, “यात माणूस ठेवायचाय की कांदे?”

वर्ग हसला. स्वरूपा पोकळीबद्दल सांगू लागली तोवर मॅडम पुढच्या टेबलाशी, मांजरीकडे पोचल्या होत्या. आठवड्याभरात तिने पूर्वेला सव्वा मीटरची खिडकी कापून मॉडेल पुन्हा दिलं आणि पास झाली. जुनं, बिनखिडकीचं मॉडेल घरी आलं. हिंदुरावांनी त्याच्या दाराला डोळा लावून आत बघितलं आणि ही खोली कुणाची म्हणून विचारलं. तुमची, असं ती म्हणाल्यावर त्यांनी पुन्हा एकदा आत डोळा लावला. मॉडेल कपाटावर गेलं. पुढे कुसुमताई त्यात दोऱ्याची रिळं ठेवू लागल्या.

तिसऱ्या वर्षी विषय आला ‘कामगारांची वस्ती’, दोघादोघांनी मिळून करायचा. स्वरूपाच्या वाट्याला कुलदीप आला. त्याचं गाव चाकण चौकाच्या अलीकडे. आजोबांपर्यंत शेती, वडिलांपासून जमिनीचे व्यवहार आणि भाड्याच्या खोल्या. मुलगा आर्किटेक्ट झाला म्हणजे बाहेरच्या माणसाचे पाय धरायला नकोत, या हिशोबाने सोपानरावांनी त्याला कॉलेजात घातलं होतं. कुलदीप वाईट नव्हता. काम दुसऱ्याने केलं की त्याचं तोंडभरून कौतुक करायचा. “तू मोजत बस, मी तुला खोल्या दाखवतो,” असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं आणि शब्द पाळला.

खोल्या म्हणजे कांदे साठवायच्या जुन्या चाळीच्या जागी उठवलेली दोनमजली रांग. एका खोलीत सहा खाटा, अशा सात खोल्या. राहणारे हिंगोली, यवतमाळ, सांगली, थेट बिहारपर्यंतचे. स्वरूपा टेप आणि वही घेऊन तिथे नऊ दिवस गेली. पहिल्या दिवशी पोरं तिला बघून बनियनवर शर्ट चढवायची; चौथ्या दिवसापासून टेपचं दुसरं टोक धरू लागली.

त्यांत भिवा नावाचा चाळिशीचा एक माणूस होता, हिंगोलीकडचा. त्याने आपल्या खाटेजवळच्या खिडकीवर खोक्याचा पुठ्ठा बसवून त्यावर वर्तमानपत्राचे तीन थर डकवले होते. स्वरूपा ते थर मोजत होती तेव्हा तो म्हणाला, “ताई, खिडकी नसतीच तर बरं झालं असतं बघा. आमच्यासारख्याला उजेड काय करायचा?”

तिने ते वाक्य जसंच्या तसं उतरून घेतलं. तिला इतका आनंद झाला होता की तिने त्याखाली दोनदा रेघ ओढली. दोन वर्षांपूर्वी ज्यावर वर्ग हसला, ते एक माणूस स्वतःच्या तोंडाने बोलला होता.

मग तिने तो तक्ता केला. बेचाळीस खाटांच्या बेचाळीस ओळी, दिवसाच्या तासांचे चोवीस रकाने. खाटेवर माणूस झोपलेला असेल तो तास काळा, खाट रिकामी असेल तो पांढरा. तक्ता लांबून बघितला की एक गोष्ट लगेच दिसायची. प्रत्येक खोलीत तिन्ही शिफ्टची माणसं मिसळलेली होती, त्यामुळे कोणत्याही वेळी एकजण झोपलेला असे आणि दुसरा डबा भरत असे, तिसरा मोबाइलवर घरी बोलत असे. एका पाळीची माणसं एका खोलीत ठेवली तर सगळ्यांच्या झोपा वाचणार होत्या. काहीच वाढवायचं नव्हतं, नुसती अदलाबदल करायची होती.

त्यावर तिने इमारत रचली. मध्ये चारही मजल्यांतून वर जाणारी एक रुंद पोकळी, तिच्याभोवती काळोख्या, गार खोल्या, बाहेरच्या अंगाने गॅलरी. प्रत्येक खोलीत पायाशी हवा आत येण्याची वळणदार वाट, माथ्याशी पोकळीत बाहेर जाण्याची. पहिल्या शीटवर तिने भिवाचं वाक्य घातलं, सगळ्यात मोठ्या अक्षरांत, आणि त्याखाली तो तक्ता. पोकळी कशासाठी, तिच्यातून तासाला किती हवा जाते, हे सगळं नवव्या शीटवर होतं, बारीक अक्षरांत.

बाहेरून आलेले परीक्षक पहिल्या शीटसमोर वीस मिनिटं उभे राहिले. वर्गात त्या दोघांना सर्वांत जास्त गुण मिळाले. प्राजक्ता मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि आता कुठे तुला सुचायला लागलं, असं म्हणाल्या. स्वरूपाने कपाटावरच्या मॉडेलची आठवण करून दिली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कुलदीपचा फोन आला. वडिलांना शीट आवडल्या होत्या. रस्त्याकडेच्या रिकाम्या जागेत ते हेच बांधणार होते. हेच म्हणजे अगदी हेच का, असं तिने दोनदा विचारलं. तिसऱ्या वर्षातल्या पोरीची इमारत खरोखर उभी राहते, हे कॉलेजात कुणी ऐकलं नव्हतं. सुट्टीभर बसून तिने बांधकामाची सव्वीस ड्रॉइंग काढून दिली. हिंदुरावांनी कंपनीत मशीनच्या रांगेतल्या प्रत्येकाला सांगितलं. रिटायर व्हायला त्यांना दीड वर्ष होतं. ते म्हणाले की आता आपल्याला नाही, तर आपल्यामागच्यांना तरी नीट झोप लागेल.

त्यानंतर तिला कुणी साइटवर बोलावलं नाही. पायाचं काम झालं, ती परीक्षेत होती. पहिला स्लॅब पडला, तो तिला कुलदीपच्या स्टेटसवर दिसला. कधी येऊ म्हटलं की तो म्हणायचा, “धूळ आहे राव नुसती. पूर्ण झाली की बघ ना, सरप्राइज राहू दे.” सरप्राइज या शब्दावर तिने विश्वास ठेवला, आणि पुढे त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.

वास्तुशांतीचा मुहूर्त वैशाखात निघाला. लोक त्याआधी महिनाभर राहायला आले होते. मुहूर्तासाठी खोल्या रिकाम्या ठेवणाऱ्यांतले सोपानराव नव्हते. तो हिंदुरावांचा तिसऱ्या शिफ्टचा आठवडा होता. सकाळी साडेसातला ते घरी आले, अंघोळ केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला आणि झोपलेच नाहीत. कुसुमताईंनी तासभर पडा म्हणून सांगून पाहिलं. ते म्हणाले, पोरीची इमारत बघायला जांभया देत जाऊ का?

लांबून इमारत तिचीच होती. गॅलरीचे कठडे, जिन्याची जागा, मजल्यांची उंची, सगळं तिच्या रेघांवर उभं होतं. रंग जांभळा दिला होता. तो तिने मनातल्या मनात माफ केला. हिंदुराव रस्त्यातच थांबले आणि त्यांनी मोबाइलवर चार फोटो काढले. चारही फोटोंत त्यांचं बोट आलं.

पूजा लांबली, जेवणं दोनला सुरू झाली. पंगतीतून उठल्याबरोबर स्वरूपा वडिलांना मांडवात बसवून आत गेली. तिला आधी पोकळी बघायची होती. मध्यभागी उभं राहून वर आभाळाचा चौकोन दिसेल, असं ती सात महिने मनात बघत होती. तळमजल्यावर त्या जागी एक दार होतं, त्यावर आकडा होता सात. पहिल्या मजल्यावर तिथेच दार, आकडा चौदा. दुसऱ्यावर एकवीस, तिसऱ्यावर अठ्ठावीस. पोकळीत प्रत्येक मजल्याला स्लॅब टाकून चार खोल्या काढल्या होत्या. ती पुन्हा खाली आली आणि एका उघड्या खोलीत वाकून पायाशी बघितलं. हवा यायची वाट असायला हवी होती तिथे गिलाव्याचा गुळगुळीत चौकोन होता. माथ्याशीही तसाच. बाकी खोली तिच्या नकाशाप्रमाणे होती. म्हणजे खिडकी नव्हती.

सोपानराव ऑफिसात भेटले. त्यांनी तिला खुर्ची दिली, पेढा दिला आणि समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे तिची पहिली शीट काचेच्या फ्रेममध्ये लावली होती. भिवाचं वाक्य ठळक दिसत होतं. खालच्या तक्त्यात, काचेवरूनच, पांढऱ्या घरांमध्ये निळ्या मार्करने नावं लिहिली होती.

“पोरी, वीस वर्सं मी खोल्या भाड्यानं देतोय,” ते म्हणाले, “पन ही पांढरी घरं मला कदी दिसलीच न्हाईत. निम्मा दिस खाट मोकळी. तू दावलंस म्हनून कळलं. आता येका खाटंवर दोघं. सकाळी आठ ते चार येक, बाकीचा टाइम दुसरा. कुनाची कुरकुर न्हाई.”

त्यांच्या आवाजात टिंगल नव्हती. ते खरोखर तिचे आभार मानत होते. तिने सावकाश, नववी शीट समोर असावी तसं, पोकळीबद्दल सांगितलं. एका माणसाला झोपेत तासाला किती हवा लागते, दार लावल्यावर सहा माणसांच्या खोलीत ती किती वेळात खराब होते. सोपानरावांनी सगळं ऐकून घेतलं. तेवढी जागा फुकट जात होती, आणि वाटा उघड्या ठेवल्या तर उंदीर येतात, असं ते म्हणाले.

“कांद्याच्या चाळीला तुम्ही फटी ठेवत होता,” ती म्हणाली.

“व्हय, ठेवायचोच. कांदा सडतो, पोरी.” त्यांनी पेढ्यांचा बॉक्स पुन्हा तिच्यापुढे केला. “मानसाचं तसं न्हाई. न्हाई पटलं तर जातो, दुसरा येतो.”

कुलदीप बाहेर मांडवाचे पैसे देत होता. तिने त्याला बाजूला घेतलं आणि इमारतीवरून माझं नाव काढ, एवढंच सांगितलं. तो गोंधळला. मग त्याला हायसं वाटल्यासारखं दिसलं.

“नाव कुठंय तुझं?” तो म्हणाला. “पाटीवर इंजिनिअरचं आहे. मंजुरीचे नकाशे त्याचेच, त्यात खिडक्या पण आहेत. तुझी डिग्री तरी झालीये का अजून? तू टेन्शन नको घेऊ. पोर्टफोलिओत टाक बिनधास्त, फोटो मी देतो.”

मांडवात हिंदुराव नव्हते. खुर्च्या उचलणाऱ्यांपैकी कुणी भिवाचं नाव घेतलं आणि भिवा तीन नंबरच्या दाराशी उकिडवा बसलेला सापडला. त्याचाही तिसऱ्या शिफ्टचाच आठवडा होता; आठ ते चार खाट त्याची. काकांच्या डोळ्यांत झोप दिसली, म्हणून त्याने आपली खाट त्यांना दिली होती. काका पोरीची खोली बघायची म्हणून आत गेले, बसले, आणि बसल्या बसल्या आडवे झाले.

“दार लावून घेतलं त्यांनी,” भिवा म्हणाला. “म्हणले, पोरीनं अंधार कसा केलाय बघतो.” मग तो तिच्याकडे न बघता जमिनीवर बोटाने रेघ ओढत राहिला. “ताई, मीच बोललो होतो तुम्हाला, खिडकी नको म्हणून. माझं चुकलंच.”

तिला त्याला सांगायचं होतं की चूक तुमची नाही. कुणाची आहे ते मात्र एका वाक्यात सांगता येईना. पहिली शीट कोणती आणि नववी कोणती, हे तिनेच ठरवलं होतं.

तिने दार उघडलं. आतली हवा ओल्या कपड्यासारखी तोंडावर आली. पाच खाटांवर पाच माणसं झोपली होती आणि सहावीवर हिंदुराव, तोंड उघडं, इस्त्रीचा शर्ट गळ्यापासून पोटापर्यंत भिजून अंगाला चिकटलेला. दारातून उन्हाचा पट्टा थेट त्यांच्या डोळ्यांवर पडला. त्यांची पापणी हलली. स्वरूपा चटकन एक पाऊल आत सरकली आणि त्या पट्ट्यात उभी राहिली, तशी तिची सावली त्यांच्या तोंडावर पडली. तिच्या दोन्ही बाजूंनी बाहेरची थोडी हवा आत जात होती. ती तशीच उभी राहिली. पाठ तापली, पण ती हलली नाही. असं चार-पाच तास उभं राहायला तिची हरकत नव्हती.

पंधरा मिनिटं झाली असतील. मागे चपला काढल्याचा आवाज आला. पहिल्या शिफ्टचा एक तरुण गॅलरीत उभा होता, हातात हेल्मेट, पाठीला डब्याची पिशवी, डोळे लाल. भिवाने हळूच रविराज म्हणून त्याची ओळख करून दिली. सांगलीकडचा, चारनंतर ही खाट त्याची. त्याने आत झोपलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मोबाइलवर वेळ पाहिली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. चार वाजून सहा मिनिटं झाली होती. त्याच्या मागे दुसऱ्या खोल्यांची माणसं जिन्याने वर-खाली होत होती, आपापल्या खाटांकडे.

स्वरूपाने वीस वर्षांत हे कधी केलं नव्हतं. तिने वाकून वडिलांच्या दंडाला हात लावला.

“पप्पा, उठा. वेळ झाली.”

हिंदुराव दचकून बसले. क्षणभर त्यांना कुठे आहोत ते कळेना. मग तिचा चेहरा ओळखून ते हसले आणि भिजलेला शर्ट पोटापासून सोडवत म्हणाले, काय झोप लागली गं, घरात अशी कधी लागली नाही. उभं राहताना त्यांनी कपाळ दाबून धरलं आणि खाटेचा दांडा पकडला. पण चादर झटकायला, उशीची ओली बाजू खाली करायला ते विसरले नाहीत. दारातल्या तरुणाला जागा करून देत म्हणाले, “झोपा तुम्ही, पाव्हणं. माझ्या मुलीनं काढलीये ही बिल्डिंग.”

रविराजने हेल्मेट खाटेखाली सरकवलं. मग तो वळून तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यात राग नव्हता. खूप दिवस अडलेली एखादी गोष्ट विचारायला योग्य माणूस मिळाल्यासारखं होतं.

“मॅडम, मग एक सांगा,” तो म्हणाला. “हवा कुठून येते?”

भिवा खाली बघत होता. हिंदुराव कौतुकाने तिच्या उत्तराची वाट बघत होते. स्वरूपा खाटेच्या पायाशी वाकली आणि तिने गिलाव्याच्या चौकोनावर हात ठेवला. सिमेंट अजून कोमट होतं.

“इथून,” ती म्हणाली.